सहा मीटरचे खांब

विरुलातला प्लायवूडचा कारखाना बंद झाला त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्यानं, तानेलनं, फिनलंडला जाणारं जहाज पकडलं. कारखान्याकडे लाकूड होतं, गिऱ्हाइकं होती, कामगारही होते. पण एस्टोनियात हिवाळ्यात वीज इतकी महाग व्हायची की लाकडाचे ओले पापुद्रे वाळवणंच परवडेना. मालकानं दोन हिवाळे कळ काढली आणि तिसऱ्या नोव्हेंबरात फाटकाला कुलूप घातलं. तानेलसारखी दोनशे माणसं समुद्रापलीकडे गेली. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी यायची आणि रविवारी दुपारी परत निघायची.

पाएवेरे गावातल्या आमच्या घरात उरलो मी आणि माझे सासरे, एवाल्ड.

मी मूळची चंद्रपूरजवळच्या घुग्घुसची. माझे वडील कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते. मी नागपूरला मायनिंग शिकले, पुढं खडकांच्या अभ्यासासाठी एस्टोनियात आले आणि तानेलमुळे इथलीच झाले. अरुंधती हे नाव इथे कोणालाच पेलेना, म्हणून मी 'आरु' झाले. त्यांच्या भाषेत आरु म्हणजे समज. माझ्या सासऱ्यांना याची मोठी गंमत वाटायची. इथे सुना सासऱ्याला सरळ नावानं हाक मारतात. मला ते जमलं नाही. मी त्यांना 'इसा' म्हणायचे, म्हणजे वडील.

इसाही खाणीतले सर्व्हेअरच. आमचं सूत जुळलं ते त्यामुळे. पाएवेरेच्या खाली कोळसा नाही, एक तपकिरी दगड आहे. चुनखडीच्या थरांमध्ये दबलेला, काडी लावली की धूर सोडत जळणारा. शंभर वर्षं या देशानं तो दगड जाळून वीज केली. मग धुरावर दंड बसू लागला, खाणी बंद झाल्या, पंप थांबले आणि जमिनीखालचे मैलोगणती बोगदे हळूहळू पाण्यानं भरले.

त्या पाण्यामुळेच मला काम मिळालं.

अडचण साऱ्या देशाची होती. उन्हाळ्यात इथे सूर्य मावळायलाच तयार नसतो. भर दुपारी सौर पट्ट्यांची वीज इतकी व्हायची की ती घ्यायला कोणी नसे. आणि जानेवारीत, जेव्हा खरी गरज, तेव्हा ऊन जेमतेम सहा तास, तेही ढगांआड. उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यापर्यंत ठेवायची कुठं? बुडालेल्या खाणीत गरम पाणी साठवावं ही कल्पना जुनी होती, पण खडकाला हजार भेगा. उष्णता त्यातून वाहून जायची.

मग विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेनं एक जिवाणू तयार केला. त्याला युरिया खायला घातला की तो पाण्यातल्या कॅल्शियमपासून चुन्याचे बारीक स्फटिक बनवतो. भेगेत शिरतो, खातो, वाढतो आणि जाताना भेग बुजवून जातो. शिंपल्यासारखी नवी चुनखडी. दीड वर्षात त्यानं पाएवेरेची खाण आतून लिंपून काढली. उन्हाळ्यात आम्ही ते पाणी पासष्ट अंशांपर्यंत तापवलं आणि नोव्हेंबरात मोजलं तर साठ भरलं. जमिनीखाली एक मोठा थर्मास तयार झाला होता.

माझं काम खांबांवर लक्ष ठेवायचं. खाण खोदताना छत तोलून धरायला जागोजागी दगडाचे चौकोनी खांब तसेच सोडतात. जुन्या नकाशांप्रमाणे पाएवेरेच्या खाली ते सहा मीटर बाय सहा मीटर होते. पाणी दर वर्षी तापणार आणि निवणार, त्यानं खांबाची सालं थोडी थोडी सुटणार, हे आम्ही हिशोबात धरलं होतं. सहा मीटरचा खांब सव्वाशे वर्षं टिकेल असं उत्तर आलं.

काम सुरू होण्याआधी प्रकल्पप्रमुख कात्रिन हिनं गावच्या सभागृहात जुन्या खाणकामगारांना बोलावलं. नकाशे भिंतीवर लावले आणि विचारलं, "यात काही चुकीचं असेल तर आत्ताच सांगा."

दोघा-तिघांनी पाण्याच्या झऱ्यांबद्दल सांगितलं. इसा मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. ते काही बोलले नाहीत.

पहिल्याच हिवाळ्यात विरुलाच्या तीस हजार लोकांची घरं या पाण्यावर तापली. कारखान्याला लाकूड वाळवायला स्वस्त ऊब मिळाली आणि फेब्रुवारीत फाटक उघडलं. तानेल आपली बॅग घेऊन कायमचा घरी आला. इसांनी त्या दिवशी बटाट्याचं सॅलड आणि डुकराचं भाजलेलं मांस केलं आणि जेवताना दहादा विचारलं, "आता परत नाही ना जायचं?"

"नाही जायचं, इसा. किती वेळा सांगू?" तानेल हसत म्हणाला.

पुढच्या डिसेंबरात खांब कुरकुरू लागले.

आम्ही वरून खाणीपर्यंत पाडलेल्या अरुंद विवरांमधून काचेच्या तंतूंची केबल सोडली होती. तिच्यातून प्रकाशाचे ठोके जातात. खडक केसाएवढा जरी हलला तरी ठोका किंचित बदलतो आणि संगणकावर रेघ उमटते. चौथ्या विभागात, म्हणजे थेट गावाखाली, रेघा रोज वाढत होत्या. मी गणित पुन्हा पुन्हा केलं. सहा मीटरच्या खांबानं इतका आवाज करायचं कारणच नव्हतं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी ते आलेख स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून बसले होते. तानेल मागच्या अंगणात लाकडं फोडत होता. इसा माझ्यासाठी चहा घेऊन आले, कप ठेवला आणि उभेच राहिले.

"खांबांच्या कुठल्या ओळी?" त्यांनी विचारलं.

"अकरा ते एकोणीस. मला वाटतं केबलच बिघडली आहे."

"केबल ठीक आहे."

मी वर पाहिलं. ते खुर्ची ओढून बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले, जसे डॉक्टरपुढे ठेवतात.

"सहा नाहीत, आरु. चार आहेत."

"काय चार?"

"खांब. शहाऐंशी साली मॉस्कोहून आकडा आला होता, इतके टन द्यायचेच. दगड संपत आला होता. पाळीवाल्यांनी परत येताना खांबांच्या कडा तासल्या. एकेका बाजूनं एक मीटर. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मॅनेजर म्हणाला, नकाशावर सहा लिही. मी लिहिलं."

मला पहिल्यांदा आकडेच सुचले. सहा गुणिले सहा छत्तीस, चार गुणिले चार सोळा. छताचं ओझं तेवढंच आणि ते पेलायला निम्म्याहूनही कमी दगड.

"सभेत का नाही बोललात?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तानेल कुऱ्हाड उचलत होता, त्याच्या तोंडून वाफ निघत होती.

"बोललो असतो तर खाण तापली नसती," इसा म्हणाले. "हा तिकडेच राहिला असता. मला वाटलं, दगड धरून ठेवेल. एवढी वर्षं धरलंच होतं त्यानं."

सोमवारी सकाळी मी सगळं कात्रिनला सांगितलं. तिनं इसांकडून लेखी जबाब घेतला. आमचं ठरलं, की पाण्याचा उपसा हळूहळू कमी करायचा आणि वसंतात नवी विवरं खोदून प्रत्येक खांब मोजायचा.

पण शुक्रवारी वादळात समुद्राखालची फिनलंडची वीजवाहिनी तुटली. थंडी उणे चोवीसवर गेली होती. सगळ्या देशात वीज जपून वापरायचा हुकूम निघाला. विरुलाला ऊब द्यायला आमच्या खाणीशिवाय काही उरलं नाही.

आणि खांबांना धोका होता तो नेमका ऊब काढण्याचाच. पाणी निवलं की खांबाची बाहेरची कातडी आधी आकसते, गाभा गरमच राहतो. चुनखडी वेगळी आकसते, जळणारा दगड वेगळा. थर एकमेकांपासून सुटतात आणि खांब सोलल्यासारखा बारीक होत जातो. जितक्या वेगानं ऊब काढू तितक्या वेगानं.

"उपसा थांबवला तर?" कात्रिननं विचारलं.

"गाव वाचेल. निदान हा हिवाळा."

"आणि विरुला?"

"दहा तासांत पाइप गोठायला लागतील. दवाखान्यातली माणसं त्याआधीच."

कात्रिननं नकाशावर गावाभोवती बोट फिरवलं. "पाएवेरेत किती माणसं आहेत?"

"एकसष्ट. आम्ही तिघं धरून."

"मग त्यांना हलवू या," ती म्हणाली. "उपसा चालू ठेव. कुठलं घर कधी रिकामं करायचं ते तू लिहून दे. खडक तुला कळतो."

मी लिहून दिलं. ज्या घरांखाली इसांनी सांगितलेल्या ओळी होत्या ती मंगळवारपर्यंत. बाकीची बुधवारी दुपारपर्यंत. खाली माझी सही.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. नकाशावर खोटं कोणी लिहिलं हेही. लोक बसमध्ये सामान चढवत होते. इसा मदतीला गेले तर समोरच्या माणसानं त्यांच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि स्वतःच वर ठेवलं. शिवी नाही, काही नाही. इसा थोडा वेळ रिकाम्या हातांनी उभे राहिले आणि घरात आले.

घरात तानेल भिंतीवरून त्याच्या आईचा फोटो उतरवत होता. त्याची आई, हेल्मी, गावाच्या दफनभूमीत होती. तीसुद्धा चौथ्या विभागावर.

"'तुझ्यासाठी गप्प बसलो' असं म्हणू नका," तो पाठ न वळवता म्हणाला. "माझ्यासाठी म्हणून सांगताय. मला विचारलं होतंत?"

"तू परत गेला असतास," इसा म्हणाले.

"गेलो असतो. पंधरा दिवसांनी आलो असतो. आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला जागा असती."

मला पुढच्या घरी जायचं होतं.

ते घर लेइदा मावशीचं. गावात सगळेच त्यांना मावशी म्हणत. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, मुलगी मारेत आयर्लंडमध्ये. मागच्या परसात मधमाश्यांच्या नऊ पेट्या होत्या. त्यांचं सामान बांधून दारात तयार होतं, पण त्या कोट न घालता स्वयंपाकघरात बसल्या होत्या.

"मला शुक्रवारपर्यंत राहू दे, आरु," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी थंडी उतरणार आहे. उणे पाचवर येईल म्हणतात. आज पेट्या हलवल्या तर माश्यांचा गोळा फुटेल. एकमेकींना चिकटून ऊब धरून बसल्यात बिचाऱ्या. एकदा विखुरल्या की अर्ध्या तासात मरतील."

"मावशी, नियम बुधवारचा आहे."

"नियम तूच लिहिलायस ना?"

मी टॅबलेट उघडला. त्यांचं घर विसाव्या ओळीवर होतं. इसांनी एकोणीसपर्यंत सांगितलं होतं. विसावी ओळ सहा मीटरची, केबलही तिथं शांत. गणितानं दोन आठवडे दाखवले. मी बुधवार खोडला आणि शुक्रवार केला. मावशींनी माझा गाल थोपटला आणि मधाची एक बरणी हातात दिली.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाएवेरेची जमीन बसली. मी विरुलाच्या नियंत्रणकक्षात होते. आवाज नव्हता, पडद्यावर फक्त सगळ्या रेघा एकदम वर गेल्या आणि मग सपाट झाल्या. आम्ही पोचलो तेव्हा रस्ता वाटीसारखा खोल गेला होता. दीड मीटर, कुठं दोन. दफनभूमीच्या भेगांमधून वाफ येत होती. बहुतेक घरं वाकडी होऊन उभी होती, पण लेइदा मावशींच्या घराची विटांचं जुनं धुराडं आत कोसळलं होतं. मावशी चुलीजवळच होत्या.

नंतर कळलं, विसावी ओळही तासलेलीच होती. दुसऱ्या पाळीनं, इसांची बदली झाल्यावर. त्या नकाशावर सही दुसऱ्याची. तो माणूस वीस वर्षांपूर्वीच वारला होता. इसांना खरंच माहीत नव्हतं. पण तीन वर्षांपूर्वी ते सभेत उठून बोलले असते, तर आम्ही एकूण एक खांब मोजला असता. हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

जमीन बसली तरी खालचं गरम पाणी पंपांना मिळत राहिलं आणि विरुला त्या आठवड्यात गोठलं नाही. दवाखाना चालू राहिला, शाळा चालू राहिल्या, कारखान्याची एक पाळी चुकली. वाहिनी अकरा दिवसांनी जोडली गेली. चौकशी समितीनं मला एक तास प्रश्न विचारले आणि लिहिलं, उपलब्ध माहितीनुसार अंदाज योग्य होता. इसांच्या गुन्ह्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

आम्हाला विरुलात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. इसांनी आपल्या खोलीतला हीटर बंद करून टाकला. कोट घालून बसायचे. मी लावला की ते उठून पुन्हा बंद करायचे. तानेल त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा आणि मग तेही थांबलं. जानेवारीच्या शेवटी त्यानं बॅग भरली.

"कारखाना तर चालू आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर बसून जेवता येत नाही, आरु. घास खाली जात नाही."

मी त्याला बंदरापर्यंत सोडायला गेले. इसा जिन्यापर्यंतही आले नाहीत.

लेइदा मावशींचा अंत्यविधी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी झाला, विरुलाच्या दफनभूमीत, कारण गावची उरली नव्हती. मारेत आयर्लंडहून आली होती. पन्नाशीची, आईसारख्याच रुंद कपाळाची. पाएवेरेची माणसं अर्धवर्तुळात उभी होती. इसा सर्वांच्या मागे, टोपी हातात. माती टाकून झाल्यावर मारेत वळली आणि तिनं सगळ्यांना मिळून विचारलं, "माझ्या आईला बुधवारी बाहेर काढायचं होतं. कागदावर शुक्रवार आहे. तो कोणी केला?"

काहींनी माझ्याकडे पाहिलं. घरोघरी दिलेल्या कागदांवर माझी सही नव्हती, नुसतीच प्रकल्पाची मोहर होती.

माझं तोंड उघडलं नाही. मी मनात वाक्य जुळवत होते. समितीचा निष्कर्ष, विसावी ओळ, गणित. तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझ्यामुळे," इसा म्हणाले. "आकडे माझे होते. मी एवाल्ड."

मारेतनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग ती गाडीकडे निघून गेली. लोक पांगले. मी तशीच उभी होते.

आम्ही गाडीनं परत निघालो. संध्याकाळचे साडेचार वाजले होते आणि उजेड सरत आला होता.

"तुम्ही का बोललात?" मी विचारलं.

"कोणीतरी बोलायला हवं होतं."

"शुक्रवार मी केला, इसा."

"मला माहीत आहे. लेइदानं बुधवारी दुपारी मला फोन केला होता, आरु फार चांगली आहे म्हणाली." त्यांनी हातमोजे काढून पुन्हा घातले. "त्या वेळी मॅनेजरच्या टेबलापाशी एक वाक्य बोललो असतो की झालं असतं. चार आहेत, मी सहा लिहिणार नाही. बस. दुसऱ्या वर्षी त्याच्यासोबत उशिराचं कारणही सांगावं लागलं असतं. दहाव्या वर्षी कारणाचं कारण. मग हेल्मीला सांगायचं राहिलं. मग ती गेली. तू आज जितकं गप्प राहिलीस तितकंच मीही पहिल्या दिवशी राहिलो होतो. एवढंच."

ते रागावून बोलले नव्हते. मी पुढच्या वळणावर गाडी फिरवली.

मारेत स्टेशनजवळच्या लहानशा गेस्टहाउसमध्ये उतरली होती. मी इसांना गाडीतच थांबायला सांगितलं आणि आत जाऊन दार वाजवलं. तिनं उघडलं. तिच्या मागे पलंगावर आईचे कपडे घड्या करून ठेवलेले होते.

"शुक्रवार मी केला," मी म्हणाले. "मघाशी मी बोलले नाही. तुमच्या आईनं माझ्याकडे दोन दिवस मागितले आणि मी दिले. मला वाटलं होतं तिथला दगड भक्कम आहे. मी मोजून पाहिला नव्हता."

ती दाराला धरून उभी राहिली. तिनं मला बसा म्हटलं नाही.

"ती काय म्हणाली? अगदी तिच्या शब्दांत सांगा."

मी सांगितलं. माश्यांचा गोळा, उणे पाच, नियम तूच लिहिलायस ना. मारेत मान खाली घालून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"मी तुम्हाला ठीक आहे म्हणणार नाही," ती म्हणाली.

"नका म्हणू."

ती खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावर आमची गाडी उभी होती. इसा गाडीतून उतरून बाहेर फूटपाथवर उभे होते, टोपी न घालता.

"मग त्या म्हाताऱ्यानं स्वतःवर का घेतलं?"

"ते माझे सासरे आहेत."

ती पाहत राहिली. मग म्हणाली, "त्यांना वर बोलवा. फार थंडी आहे."

मी जाऊन त्यांना घेऊन आले. ते उंबऱ्याबाहेरच थांबले, मारेतनं खुर्ची पुढे केली तेव्हा आत आले. बसले. कोट काढला नाही. हीटरची ऊब लागून त्यांच्या भुवयांवरचं हिम विरघळू लागलं, आणि ते पुसावं की नाही हेही त्यांना सुचेना.

"तुम्ही आईला किती वर्षं ओळखत होतात?" मारेतनं विचारलं.

"त्रेपन्न."

"मला अठराव्या वर्षी इथून पाठवलं तिनं. मला तिचं फार थोडं माहीत आहे." ती पलंगाच्या कडेवर बसली. "सांगा."

इसांनी माझ्याकडे पाहिलं. मघाचं गाडीतलं बोलणं सोडलं तर महिनाभरात ते कोणाशी दोन वाक्यांवर बोलले नव्हते. मग ते मारेतकडे वळले.

"ती खाणीच्या दिवेघरात, आमचे दिवे वाटायला लागली तेव्हा," ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, ही बाई आठवडाभरसुद्धा टिकायची नाही."